भिंतीवरची कुंभारीण

आधी आवाज आला. दुपारची वेळ होती, खोलीत मी आणि सून दोघीच. सून कॉटवर पडलेली, कारण डॉक्टरांनी तिला पडूनच राहायला सांगितलं होतं. मी मोरीजवळ बसून लसूण सोलत होते. कुणीतरी तोंड मिटून गुणगुणावं तसा बारीक, एकसुरी आवाज भिंतीतून यायला लागला. थोडा वेळ यायचा, थांबायचा, परत यायचा. मला वाटलं हिचा मोबाइल थरथरतोय. तिने मोबाइल उचलून बघितला, तो बंदच होता.

"आई, तुम्ही म्हणताय का काही?" तिने विचारलं.

मी कधी कुणासमोर गाणं म्हटलेलं नाही. लग्नात नाव घेतानासुद्धा माझा आवाज फुटला नव्हता, वन्संनीच माझ्या वतीने घेतलं होतं. मी मान हलवली आणि दोघी गप्प बसून ऐकत राहिलो. भर दुपारी, उजेडात, माझ्या अंगावर काटा आला.

मग दिसलं. कॉटच्या बरोबर वर, ट्यूबलाइटच्या पट्टीखाली, भिंतीला ओल्या मातीचा बोटभर गोळा चिकटला होता. त्यावर एक काळी माशी. पाय पिवळे, कंबर दोऱ्यासारखी. डोकं मातीत खुपसून ती थरथरत होती आणि तो आवाज तिच्या अंगातून येत होता. आणलेली माती पसरवून झाली की ती खिडकीतून जायची, थोड्या वेळाने तोंडात नवी गोळी घेऊन यायची आणि परत गुणगुण सुरू. कुंभारीण. गावी मी ती खूप बघितली होती, पण लालबागच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, ती येईल असं वाटलं नव्हतं.

सुनेचं हे तिसरं होतं. आधीची दोन तिसऱ्या महिन्यात गेली होती. दुसऱ्या खेपेनंतर ती बरेच दिवस कुणाशी बोलत नव्हती. तिच्या माहेरी आई नाही. म्हणून या खेपेला आम्ही तिला कपसुद्धा उचलू देत नव्हतो. उठायचं ते फक्त मोरीत जायला, तेही माझा हात धरून.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. त्या चिंचपोकळीला राहतात. आमचे हे गेल्यापासून दोन-चार दिवसांनी चालत येतात, आणि आल्या की खोली त्यांची होते. त्या दिवशी संध्याकाळी आल्या, चप्पल काढता काढता त्यांनी भिंत बघितली आणि तिथेच हात जोडले.

"कुंभारीण इली गो तुझ्याकडे," त्या मला म्हणाल्या. "आता पाळणो हलतलो."

आमच्या मालवणकडे हे मानतात. कुंभारणीने घरात घर केलं की घरात मूल येतं. घर गोल असलं तर मुलगी, लांबट असलं तर मुलगा. ते मोडायचं नाही, मोडलं तर पोटातलं जातं. माझ्या आईनेही मला हेच सांगितलं होतं आणि मी कधी शंका घेतली नव्हती. वन्संनी मान वाकडी करून घराचा आकार बघितला, लांबट आसा म्हणाल्या, झील होतलो म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष मातीच्या रंगाकडे गेलं. ती साधी माती नव्हती, पांढुरकी राखाडी होती, रंग देण्याआधीचा गणपती दिसतो तशी. आमच्या चाळीच्या मागे गणपतीचा कारखाना आहे. वैशाखात तिथे मांडव पडतो आणि पिंपांमधून शाडूची माती भिजत घालतात. कुंभारीण त्या पिंपाच्या काठावरून माती आणत होती.

"ही बाप्पाची माती," वन्सं म्हणाल्या. "कोणी हात लावशात तर माझ्याशी गाठ आसा." आणि माझ्याकडे बघून, "बरा झाला, भिंती झाडूचो तुका कंटाळो."

सून हसली. मीही हसले. कितीतरी दिवसांनी त्या खोलीत कुणी हसलं होतं. वन्संनी घराच्या खाली भिंतीला कुंकवाचं बोट लावलं. दुसऱ्या दिवसापासून गॅलरीतल्या बायका कुंभारीण बघायला यायला लागल्या. मुलगा लोअर परळला एका मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात कामाला आहे, त्याने आत्याची थट्टा केली. पण सकाळी निघताना देवाला नमस्कार केल्यावर त्याने भिंतीकडेही बघून हात जोडले, ते मी बघितलं.

पहिल्यांदा सुनेचा वेळ बरा जायचा. पडल्या पडल्या ती मला सांगायची, आई, आली. आई, गेली. एका नळीशेजारी दुसरी नळी, तिच्याशेजारी तिसरी, असं घर वाढत होतं. वरून कुंभारीण सगळं माती थापून सारखं करायची. मग एका दुपारी सून म्हणाली की आज ती माती आणत नाहीये, पायात काहीतरी धरून आणतेय आणि उघड्या नळीत कोंबतेय. मी चष्मा लावून बघितलं. कोळी होता. छपराच्या वळचणीला जाळं लावून बसतात त्यातला, हिरवट, पाय पोटाशी घेतलेला.

त्यातला एक तिच्या पायातून सुटून खाली चादरीवर पडला, सुनेच्या हाताजवळ. मी तो केरात टाकायला उचलला तर ती म्हणाली, टाकू नका, बघू दे. मी कापराच्या रिकाम्या डबीत ठेवला. मेलेला कोळी वाळतो, पाय आवळून कोरडा होतो, फुंकर मारली तर उडतो. हा वाळला नाही. आठवडा होत आला तरी त्याचं पोट तसंच टपोरं, पाय मऊ. मी खराट्याची काडी घेऊन त्याला हळूच टोचलं. एका पायाचं टोक उघडलं आणि परत मिटलं. झोपेतलं माणूस बोट हलवतं तसं.

डबी माझ्या हातात होती आणि डोक्यावर भिंतीत ती घट्ट बंद केलेली नळ्यांची रांग. त्यात असे किती असतील ते मला कळलं. वर नजर न टाकता मी डबी मिटली.

आमच्या गॅलरीच्या टोकाला एक बाई राहतात. दादरच्या कॉलेजात प्राण्यांचा विषय शिकवतात. त्या बोलक्या आहेत, मीच त्यांना बघितलं की पदर सारखा करून आत जाते. चौथी झालेल्या बाईने त्यांच्याशी काय बोलायचं असं वाटतं. पण त्या दिवशी मी डबी घेऊन त्यांच्या दारात गेले. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि माझ्याइतक्याच कुतूहलाने डबीत बघितलं.

त्यांनी सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. कुंभारीण कोळ्याला मारत नाही. ती नेमक्या जागी डंख मारते, त्याने त्याचं हलणं जातं, जीव जात नाही. मेला असता तर सडला असता, मग तिच्या पोराला शिळं अन्न मिळालं असतं. ती नळी कोळ्यांनी भरते, त्यातल्या एकावर अंडं घालते, तोंड लिंपते आणि जाते. अंड्यातून अळी निघते आणि एकेक कोळी खात मोठी होते. मग कोष करते, मग माशी होऊन भिंत कुरतडून बाहेर पडते. आई परत येत नाही. आईने पोराला बघितलेलं नसतं, पोराने आईला.

बाई म्हणाल्या की माणूस नव्हता तेव्हापासून हे चाललंय. या माशांच्या हजारो जाती आहेत आणि प्रत्येकीने आपली शिकार वाटून घेतल्यासारखी धरली आहे. कुणी फक्त अळ्या ठेवते, कुणी नाकतोडे, कुणी एकच मोठा कोळी आणि त्याच्यासाठी बीळ. मधमाश्या पण यांच्यातूनच निघाल्या. कधीतरी त्यांच्यातल्या काहींनी शिकार सोडली आणि पोरांना फुलातलं घालायला लागल्या. जगात बहुतेक जीव असेच आहेत म्हणाल्या, हाड नसलेले. पाठीला कणा असलेले आपण थोडे. मग म्हणाल्या, एक हिरवी माशी असते, ती झुरळाला डंख मारते आणि त्याची मिशी धरून त्याला चालवत बिळाकडे नेते. ते झुरळ पळू शकतं, पण पळत नाही.

ते मी बघितलं होतं. फार वर्षांपूर्वी, मुलगा लहान होता तेव्हा, नळाला पाणी यायची वाट बघत मी गॅलरीत उभी होते. भिंतीच्या कडेने मोरपंखासारखी चमकणारी एक माशी उलट्या पायांनी मागे सरकत चालली होती आणि तिच्यामागून झुरळ जात होतं. खाटीक बकरी नेतो तसं, दोरी धरून. मला वाटलं होतं माझ्या डोळ्यांना भास झाला. मी ते कुणाला बोलले नव्हते. बाईंच्या खुर्चीत बसून मला कळलं की ते झालं होतं, आणि मला जास्तच भीती वाटली.

सुनेला यातलं काही सांगायचं नाही असं ठरवून मी घरी आले. पण ती दिवसभर मोबाइल हातात घेऊन पडलेली असायची. तिने आधीच सगळं शोधून बघितलं होतं.

तिचं जेवण कमी झालं होतं. मला वाटलं उन्हाने असेल. तिला तिसऱ्या आवडतात म्हणून वन्सं त्या शिंपल्या घेऊन आल्या. मी त्या टोपात पाण्यात टाकून ठेवल्या. पाण्यात पडल्या की तिसऱ्या हळूहळू तोंडं उघडतात, आतली पांढरी जीभ बाहेर काढतात, जरा धक्का लागला की मिटतात. आयुष्यभर मी त्या जिवंत विळीवर उघडल्या आहेत, कधी मनात काही आलं नाही. सून कॉटवरून टोपाकडे बघत होती. मग तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. भिंतीवर कुंभारीण गुणगुणत होती, म्हणून तिने उशी तोंडावर घेतली. त्या दिवशी ती भात आणि ताक एवढंच जेवली, दुसऱ्या दिवशी तेही नको म्हणाली. डॉक्टरांनी तपासलं तेव्हा वजन वाढायच्या ऐवजी उतरलं होतं. डॉक्टर रागावल्या. असंच चाललं तर दाखल करून घेईन म्हणाल्या.

घरी आल्यावर मी पेज केली आणि तिच्याशेजारी बसले. खाल्लं नाहीस तर बाळाला कुठून मिळेल, असं काहीतरी बोलले. ती वर, भिंतीवरच्या घराकडे बघत होती.

"आई, ते कोळी आत जिवंत आहेत ना?"

मी पेजेत चमचा फिरवत राहिले.

"मी पण तशीच आहे ना. हलायचं नाही. पडून राहायचं. आणि आतून कुणीतरी मला खातंय." ती रडत नव्हती. "मी जेवले की ते मोठं होतं, असं वाटतं मला. मग नको वाटतं जेवायला."

असं कुणी आपल्या बाळाबद्दल बोललेलं मी ऐकलं नव्हतं. मला तिचा राग यायला हवा होता, आला नाही. मला तिच्या पोटाकडे बघवेना. पेज तशीच गार झाली.

त्या रात्री तिने नवऱ्याला सांगितलं की ते घर काढ. तो म्हणाला, आत्याला विचारतो. आत्याला विचारलं तर काय होणार ते आम्हा तिघांना माहीत होतं. वन्सं दुसऱ्याच दिवशी आल्या आणि मला गॅलरीत घेऊन त्यांनी चांगलं झाडलं. हिच्या मोबाइलने हिचं डोकं फिरलंय, पोरगं पोटात असताना घर मोडतात का, दोन गेली ती पुरली नाहीत का. शेवटचं त्या मुद्दाम मोठ्याने बोलल्या. सून आत होती, तिने ऐकलं असणार.

मी दोन दिवस काही केलं नाही. मी कधीच काही करत नाही, करायचं ते दुसरे ठरवतात. पण ते दोन दिवस तिने चहा-बिस्किटांवर काढले. मला दोन्हीकडे भीती होती. घर काढलं आणि पोटातलं गेलं तर जन्मभर ते माझ्या हाताने गेलं असं होणार. नाही काढलं तर ती माझ्या डोळ्यांदेखत वाळणार. त्यातली एक भीती मला समोर दिसत होती, दुसरी ऐकलेली होती. जी डोळ्यांना दिसत होती, तिचं मी ऐकलं.

तिसऱ्या दुपारी कुंभारीण बाहेर गेलेली बघून मी स्टुलावर चढले. हातात पोळीचं उलथणं होतं. मनात बाप्पाला म्हटलं, माती तुझी आहे, तूच सांभाळ. घराच्या कडेने उलथणं हळूहळू सरकवलं. एकदम सगळं घर अख्खं सुटून माझ्या तळहातात आलं. अजून मला त्या वजनाचा भास होतो, एवढंसं आणि भरलेलं.

मला ते तिला दाखवायचं नव्हतं. तीच उठून बसली आणि हात पुढे केला.

भिंतीला चिकटलेली बाजू उघडी होती. चाळीची मागची भिंत काढून घेतली तर सगळ्या खोल्या एकदम दिसतील, तसं दिसत होतं. एका खोलीत कोळी खच्चून भरलेले, पायांत पाय. त्यातल्या एकाच्या पोटावर तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी अळी. शेजारच्या खोलीत अळी बोटाच्या पेराएवढी आणि कोळी दोनच उरलेले. त्याच्या पुढे नुसते पाय, एका कोपऱ्यात झाडल्यासारखे. त्याच्या पुढच्या खोलीत तपकिरी कागदासारखा कोष. एका खोलीत बुरशी. प्रत्येक खोलीत एकटं कुणीतरी, मधल्या भिंतीपलीकडे कोण आहे हे माहीत नसलेलं. पहिल्या खोलीतल्या एका कोळ्याचा पाय हलत होता.

सुनेने ते डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. ती घाबरेल म्हणून मी तिचा खांदा धरून ठेवला होता. तेवढ्यात खिडकीतून कुंभारीण आली.

तिच्या पायात कोळी होता. ती सरळ भिंतीवर गेली, जिथे घर होतं तिथे. तिथे आता मातीचा पांढरा वळ होता, बाकी काही नाही. ती त्यावर फिरली. जिथे उघड्या नळीचं तोंड होतं नेमकी त्या जागी गेली आणि कोळी आत ढकलल्यासारखा केला. कोळी खाली पडला. तिने खाली बघितलंही नाही. निघून गेली. आम्ही दोघी हललो नाही. थोड्या वेळाने ती परत आली, या वेळी मातीची गोळी घेऊन. आणि नुसत्या भिंतीवर, काहीच नसलेल्या जागेवर, ती माती लिंपायला लागली. तोच आवाज, तीच थरथर. नळीचं तोंड बंद करत होती. नळी सुनेच्या मांडीवर होती, तिच्यापासून हातभर अंतरावर.

परत गेली, परत आली, परत लिंपलं. इतका वेळ मला त्या घराची भीती वाटली होती, पण त्या रिकाम्या भिंतीवर चाललेल्या कामाची जास्त वाटली. आत कुणी आहे की नाही हे न बघता चाललेलं.

"आई," सून हळूच म्हणाली, "हिला काहीच माहीत नाही. स्वतःचं घर गेलं ते कळलं नाही हिला. ही काय मला सांगणार मुलगा होणार का मुलगी."

मग ती हसली का रडली ते मला सांगता येणार नाही. दोन्हीतलं काहीतरी होतं. घर मी बिस्किटांच्या डब्यात घालून गॅलरीच्या टोकाच्या बाईंना दिलं, त्यांनी मुलांना दाखवायला कॉलेजात नेलं. परत आले तेव्हा सून स्वतः उठून ओट्याशी उभी होती. डब्यातली सकाळची भाकरी तिने तव्यावर टाकली होती. मी ओरडणार होते, पण ओरडले नाही. तिने दूध-भाकरी खाल्ली.

वन्सं आल्या तेव्हा भिंतीवर ओल्या शाडूचे फराटे होते आणि त्याखाली कुंकवाचं बोट. त्यांनी सुनेकडे बघितलं.

"घर खंय?"

सून तोंड उघडणार तेवढ्यात मीच बोलले. "मी काढलं, वन्सं."

त्यांना आधी खरंच वाटलं नाही. मग खरं वाटलं, तेव्हा त्या खाली बसल्या. त्यांचा चेहरा रागाचा नव्हता, त्या घाबरल्या होत्या. तेवढ्या घाबरलेल्या मी त्यांना भावाच्या मरणातही बघितलं नव्हतं.

"काय झाला तर तुझ्या माथ्यार हां," त्या म्हणाल्या.

"माझ्या माथ्यावर," मी म्हटलं.

पुढचे महिने मी कसे काढले ते मलाच माहीत. सुनेने कूस बदलताना आवाज काढला तरी माझ्या हातातलं भांडं पडायचं. वन्सं यायच्या, पण पाणीही न घेता जायच्या. कुंभारीण कधी यायची बंद झाली ते कळलं नाही. पण दुपारी कधी कधी मला तो आवाज यायचा, मी भिंतीकडे बघायचे आणि तिथे काही नसायचं. सून जेवत होती. कधी आवडीने, कधी डोळे मिटून औषधासारखं. बाळाने लाथ मारली की पहिल्यांदा दचकायची, मग दचकायची बंद झाली. एकदा म्हणाली, हे मला ढकलतंय, त्या अळ्या ढकलत नव्हत्या.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी तिला कळा आल्या, वेळेच्या आधी. परळच्या हॉस्पिटलात मुलगी झाली. फार लहान, श्वास धाप लागल्यासारखा, म्हणून तिला लगेच वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत नेलं. तिथले बाळांचे डॉक्टर म्हणाले, आताच काही सांगत नाही. वन्सं बाकावर बसून माळ ओढत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही आणि मीही त्यांच्याकडे बघितलं नाही. मुलगा खाली औषधांच्या रांगेत उभा होता.

सुनेला टाके होते. सिस्टरने तिला सांगितलं, सकाळपर्यंत हलायचं नाही, पडून राहा. सिस्टर गेली तशी तिने चादर बाजूला केली आणि पाय खाली सोडले. चेहरा पांढरा पडला होता. भिंत धरून ती उभी राहिली, जरा थांबली आणि दाराकडे चालायला लागली.

वन्सं माळ थांबवून माझ्याकडे बघत होत्या, मी तिला अडवीन म्हणून.

मी सुनेच्या मागे गेले. तिची सलाइनची बाटली उचलून वर धरली. जिना चढताना ती प्रत्येक पायरीवर थांबत होती आणि मी तिच्यामागे एक पायरी खाली, ती पडली तर माझ्यावर पडावी म्हणून. वर काचेच्या दाराशी दुसरी सिस्टर होती. आत कुणाला सोडत नाही म्हणाली.

"मी तिची आई आहे," सून म्हणाली. "इथूनच बघते. ती दिसेल तिथे मला उभं राहू द्या."

सिस्टरने खुर्ची आणली. ती बसली नाही.